कॅलेडियमच्या गड्ड्यांची विश्रांती आणि त्यांचे हिवाळ्यातील जतन

पावसाळ्यात बागेतील सावलीच्या जागांना रंग देणाऱ्या वनस्पतींत कॅलेडियमची गणना अग्रभागी करावी लागेल. या वनस्पतीचे फूल शोभेचे नाही. तिचे सारे वैभव पानांत आहे. हृदयाच्या वा बाणाच्या आकाराच्या पातळ पानांवर पांढरा, गुलाबी, तांबडा आणि हिरवा या रंगांची जी मांडणी दिसते, ती प्रत्येक वाणात निराळी असते. मृगाच्या सरींबरोबर वर आलेली ही पाने आश्विन सरता सरता पिवळी पडू लागतात, देठ आडवे होतात आणि कार्तिकात कुंडी रिकामी दिसते. वनस्पती मेली असे समजून कुंडीतील माती उकिरड्यावर टाकणारे, आणि ती मरू नये म्हणून अधिक पाणी घालणारे, असे दोन्ही प्रकारचे बागवान आढळतात. दोघांच्याही हातून जिवंत गड्डा नाहीसा होतो.

बागकामाची बहुसंख्य मार्गदर्शक पुस्तके थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांत ‘हिम पडण्यापूर्वी कंद काढून घ्यावेत’ एवढीच सूचना ठळकपणे दिलेली असते. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत हिम पडत नाही. तेव्हा ही सूचना येथे गैरलागू होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. उलट, कंद म्हटला की तो थंड जागी ठेवावा, असाही एक समज आहे आणि त्यापायी गड्डे शीतकपाटात ठेवले जातात. हे दोन्ही समज एकाच चुकीतून निघतात. कॅलेडियमची विश्रांती ही थंडीला दिलेले उत्तर आहे असे त्यांत गृहीत धरलेले असते. वस्तुतः ती कोरड्या ऋतूला दिलेले उत्तर आहे. हा भेद ध्यानात आला म्हणजे जतनाच्या प्रत्येक कृतीमागील कारण उलगडते.

वनस्पती व तिचे नाव

कॅलेडियम ही वनस्पती सुरण कुळातील, म्हणजे ॲरेसी कुळातील होय. अळू, सुरण आणि कोकणात पावसाच्या आरंभी बाजारात येणारे शेवळे हे तिचे आपल्याकडील सगोत्र होत. बागेत लावल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांचे मूळ कॅलेडियम बायकलर या जातीत आहे. ही जाती मध्य अमेरिकेपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांपर्यंत नैसर्गिकपणे आढळते. विल्यम एटन याने १७८९ मध्ये तिचे वर्णन ‘ॲरम बायकलर’ या नावाने केले व पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना याने तिला कॅलेडियम या प्रजातीत स्थान दिले. कॅलेडियम हे नाव मलाय भाषेतील ‘केलादी’ या शब्दावरून आले असून तो शब्द अळूसारख्या वनस्पतींसाठी वापरला जातो. अशा रीतीने एका अमेरिकन वनस्पतीला आशियाई नाव प्राप्त झाले. बागेतील संकरांसाठी बर्डसी याने १९५१ मध्ये ‘कॅलेडियम हॉर्ट्युलेनम’ हे स्वतंत्र नाव सुचविले होते. अलीकडे हे संकर कॅलेडियम बायकलरमध्येच अंतर्भूत करण्याकडे कल आहे.

गड्ड्याची रचना

व्यवहारात कॅलेडियमचे ‘कंद’ असा उल्लेख होत असला, तरी कांदा किंवा ट्युलिप यांच्या कंदाशी त्याचे रचनासाम्य नाही. कांद्यात अन्नसाठा मांसल पानांत असतो आणि खोड तळाशी एका लहान चकतीच्या रूपात उरते. कॅलेडियमच्या गड्ड्यात मात्र खोड हेच फुगून पिष्टमय अन्नाचे कोठार बनलेले असते. त्याच्या माथ्यावर मध्यभागी एक मोठा डोळा, म्हणजे अग्रस्थ कलिका, असतो आणि सभोवती लहान डोळे विखुरलेले असतात. कांद्याभोवती असणाऱ्या कोरड्या पापुद्र्यांच्या आवरणाप्रमाणे संरक्षण येथे नाही. गड्ड्याचे रक्षण करते ती केवळ त्याची पातळ साल. काढताना कुदळीचा वा खुरप्याचा घाव बसला तर तो घाव बुरशीला सरळ प्रवेशद्वार ठरतो.

आणखी एक विशेष असा की, नवी मुळे गड्ड्याच्या तळातून न फुटता वरच्या अंगाने, कोंबाच्या बुडाभोवती फुटतात. लागवड किती खोल करावी याचा निर्णय या गोष्टीवर अवलंबून आहे. गड्ड्याच्या माथ्यावर पुरेशी माती नसेल तर मुळांना आधार व ओलावा मिळत नाही.

विश्रांतीचे कारण

ज्या प्रदेशांत ही जाती वाढते, त्यांतील पुष्कळ ठिकाणी वर्षाचे ओला व कोरडा असे दोन स्पष्ट भाग पडतात. कोरड्या काळात पातळ व रुंद पानांतून होणारा बाष्पोत्सर्ग वनस्पतीला परवडणारा नसतो. अशा वेळी पानांतील उपयुक्त द्रव्ये गड्ड्यात ओढून घेऊन पाने टाकून देणे आणि पुढील पावसापर्यंत जमिनीखाली राहणे हा तिच्या जीवनक्रमाचा भाग बनला आहे. तेथे थांबण्याच्या काळात जमीन कोरडी असते, परंतु थंड नसते. आपल्याकडील शेवळे व सुरण यांचा क्रम याच स्वरूपाचा आहे. पावसाच्या चाहुलीबरोबर वर येणे आणि पाऊस सरल्यावर भूमिगत होणे. सुरणाचे पान पिवळे पडून कोलमडल्यावर गड्डा काढून सावलीत, हवेशीर जागी ठेवणारा शेतकरी कॅलेडियमच्या जतनाचे तत्त्व व्यवहारात आणीतच असतो.

ट्युलिपची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याचा उगम कडाक्याचा हिवाळा असलेल्या प्रदेशांतील. म्हणून त्याच्या कंदाला कित्येक आठवडे थंडी मिळाल्याखेरीज नीट फूल येत नाही. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंश सेल्सियस तापमानाच्या शीतगृहात टिकतो. कॅलेडियमचा गड्डा मात्र सुमारे १५ अंशांखालील तापमानात दीर्घकाळ राहिल्यास बिघडतो. त्याच्यासाठी सुमारे २१ अंशांचे तापमान योग्य मानले जाते. तिन्हींना ‘कंद’ असे एकच नाव दिल्यामुळे तिन्हींना एकच उपचार लागू करण्याची चूक घडते.

थंडी व ओल यांचा परिणाम

विश्रांतीतील गड्डा निश्चल दिसला तरी निर्जीव नसतो. त्याचे श्वसन मंद गतीने चालू असते आणि साठविलेल्या पिष्टाचा थोडाथोडा व्यय होत असतो. उष्ण कटिबंधातील वनस्पतींच्या पेशी कमी तापमानात सापडल्या म्हणजे त्यांच्या पटलांचे कार्य बिघडते, पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात आणि ऊती दुर्बल होतात. हिम न पडताही ही इजा होते, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. अशी इजा झालेला गड्डा लगेच कुजतोच असे नाही. पुष्कळदा तो बाहेरून धड दिसतो, परंतु उशिरा उगवतो आणि त्याला मोजकीच पाने येतात.

दुर्बल झालेल्या ऊतींत बुरशीचा शिरकाव होतो. साठवणीतील गड्ड्यांचा एक प्रमुख शत्रू म्हणजे फ्युझेरियम ही बुरशी. तिच्या योगे गड्ड्याचा गर तपकिरी होऊन खडूसारखा भुसभुशीत बनतो. जमीन थंड व ओली असेल तर पिथियमसारख्या बुरशींमुळे होणारी मऊ, पाणचट कुज हीही संभवते. नुसती ओल किंवा नुसता गारवा काही काळ सोसणारा गड्डा, दोन्ही एकत्र आली म्हणजे तग धरीत नाही.

या दृष्टीने महाराष्ट्रातील स्थितीचा विचार केला तर कोकण व देश यांत फरक करावा लागतो. कोकणातील हिवाळा सौम्य असतो. पाण्याचा निचरा होणाऱ्या आणि दिवाळीनंतर पाणी न मिळणाऱ्या जागी गड्डे जमिनीतच सुखरूप राहू शकतात. पुणे, नाशिक यांसारख्या देशावरील ठिकाणी जानेवारीतील रात्रीचे तापमान बऱ्याचदा १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. शिवाय याच काळात वाफ्यांत हंगामी फुलझाडे लावून त्यांना नियमित पाणी दिले जाते. ज्या वाफ्यात पावसाळ्यात कॅलेडियम होते, त्याच वाफ्यात हिवाळ्यात झेंडू वा पिटुनिया लावले, तर खाली निजलेल्या गड्ड्यांना गारवा आणि ओल ही दोन्ही एकाच वेळी भोगावी लागतात. तेव्हा येथे हिम नसले तरी गड्डे काढून घेण्याची सूचना गैरलागू ठरत नाही. तिचे कारण मात्र बदलते.

जतनाची पद्धती

पाने पिवळी पडू लागताच पाणी हळूहळू कमी करावे. हिरवी पाने कापून टाकण्याची घाई करू नये. ती असेपर्यंत गड्ड्यात अन्नाची भर पडत असते. अर्ध्याहून अधिक पाने वाळल्यावर गड्डे भोवतालच्या मातीसह उचलावेत, म्हणजे हत्याराचा घाव टळतो. चिकटलेली माती हाताने झाडावी व गड्डे सावलीत, हवेशीर जागी आठवडा-दोन आठवडे पसरून ठेवावेत. या काळात ऊब मिळाल्यास लहानसहान जखमांवर त्वचेसारखा नवा थर तयार होतो आणि बुरशीची वाट बंद होते. कडक उन्हात वाळविल्यास मात्र गड्डे सुरकुततात. वाळलेले देठ व मुळे या अवस्थेत सहज सुटून येतात.

नंतर गड्डे कोरडी वाळू, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या सोडणाचे कोरडे भुसकट यांत, एकमेकांना न लागतील असे ठेवावेत. टोपली, खोके किंवा कागदी पिशवी चालते. बंद प्लास्टिकची पिशवी चालत नाही, कारण श्वसनातून निघालेले बाष्प आतच राहून ओल धरते. घराच्या आतल्या खोलीतील फडताळ ही यासाठी उत्तम जागा होय. कुंडीतील गड्डे कुंडीतच ठेवावयाचे असल्यास माती पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि कुंडी आत आणावी. महिन्यातून एकदा गड्डे अंगठ्याने दाबून पाहावेत. मऊ लागलेला गड्डा बाजूस काढावा. त्याचा निरोगी, पांढरा भाग स्वच्छ चाकूने वेगळा करून वाळविल्यास पुष्कळदा वाचतो.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. पाने गेल्यावर वाणांचे गड्डे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. म्हणून पाने असतानाच नावाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. दुसरे असे की, कॅलेडियमच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते तोंडात गेल्यास तीव्र दाह होतो. अळकुड्यांशी असलेल्या साम्यामुळे हे गड्डे स्वयंपाकघराच्या आसपास ठेवणे धोक्याचे आहे.

पुनर्लागवड

जमीन पुरेशी तापल्याखेरीज लागवड करू नये. थंड देशांत मातीचे तापमान १८ ते २१ अंशांवर जाण्याची वाट पाहिली जाते. महाराष्ट्रात वैशाखाच्या उत्तरार्धात ही अट सहज पुरी होते. त्या वेळी सावलीत लावून बेताचे पाणी दिल्यास पावसाच्या सुमारास कोंब वर येतात. डोळे असलेली बाजू वर ठेवावी आणि माथ्यावर ४ ते ५ सेंटिमीटर माती घालावी. मधला मोठा डोळा तसाच ठेवल्यास थोडी पण मोठी पाने येतात. तो चाकूच्या टोकाने काढून टाकल्यास अग्रस्थ कलिकेचे वर्चस्व नाहीसे होते, भोवतीचे डोळे फुटतात आणि पाने लहान पण दाट येतात. मोठ्या गड्ड्याचे तुकडे करूनही लागवड करता येते. प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा असावा आणि कापलेला भाग सुकू द्यावा.

वाण टिकविण्याचा प्रश्न

या सर्व खटाटोपाचे महत्त्व केवळ पुढील वर्षाच्या शोभेपुरते नाही. कॅलेडियमची बागेतील वाणे संकरज असल्यामुळे बियांपासून होणारी रोपे मातृवनस्पतीसारखी निपजत नाहीत. शिवाय एकाच पुष्पबंधातील स्त्रीपुष्पे आधी व पुंपुष्पे नंतर पक्व होतात, त्यामुळे स्वपरागण सहसा घडत नाही. म्हणून प्रत्येक नामांकित वाण म्हणजे एकाच व्यक्तीची शाकीय संतती होय. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आल्फ्रेड ब्ल्यू याने अनेक वाण निर्माण केले. त्याच शतकातील ‘कँडिडम’ हा पांढऱ्या पानांचा व हिरव्या शिरांचा वाण आजही लावला जातो. तो आजपर्यंत पोहोचला तो गड्ड्याकडून गड्ड्याकडे, आणि मधल्या प्रत्येक हिवाळ्यात कोणीतरी ते गड्डे सांभाळले म्हणून. त्या काळापासून नावारूपास आलेल्या अनेक वाणांपैकी थोडेच आज व्यापारात उरले आहेत. जगातील बहुतांश व्यापारी गड्डे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, लेक प्लॅसिड या गावाच्या परिसरात पिकविले जातात. तेथे जे वाण लावणे थांबते, ते अन्यत्र मिळणे दुर्घट होते. ऊतिसंवर्धनाचा मार्ग उपलब्ध असला तरी त्यातून आलेल्या रोपांत कॅलेडियमच्या बाबतीत रंगभेद वारंवार आढळतात, म्हणून मूळ गड्ड्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात एक सोपा व उपयुक्त प्रयोग करण्याजोगा आहे. आपल्याकडे पाऊस थांबणे, रात्री थंड होणे आणि दिवस लहान होणे या तिन्ही घटना एकाच सुमारास घडतात. त्यामुळे विश्रांतीस प्रवृत्त करण्यात कोणाचा वाटा किती, हे बागेत पाहून ठरविता येत नाही. एकाच वाणाच्या सारख्या वजनाच्या गड्ड्यांचे गट करून एकाला पाणी चालू ठेवावे, दुसऱ्याला ऊब द्यावी, तिसऱ्याला सायंकाळनंतर कृत्रिम प्रकाश द्यावा आणि चौथा तुलनेसाठी तसाच ठेवावा. पाने गळण्याची तारीख, काढणीच्या वेळचे व पुढे दरमहा गड्ड्यांचे वजन आणि वैशाखातील उगवण यांची नोंद ठेवावी. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतच्या अशा नोंदींतून स्थानिक हवामानाला लागू पडणारे जतनाचे वेळापत्रक सिद्ध होऊ शकेल आणि परकीय पुस्तकांतील सूचनांवर अवलंबून राहण्याचे कारण उरणार नाही.