बर्फ हे खनिज आहे का?

"खनिजांची नावे सांगा" म्हटलं की मुलं मँगनीज, बॉक्साइट, कोळसा अशी यादी घडाघडा म्हणतात. बर्फाचं नाव त्यात नसतं. पण उद्या एखाद्या मुलीने विचारलं, "सर, बर्फ खनिज आहे का?" तर उत्तर 'हो' असं आहे. ते का, हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे.

गोंधळ शब्दामुळे होतो. खनि म्हणजे खाण. खाणीत जन्मलेले ते खनिज. बर्फ कुठे खाणीतून काढतात? पण भूशास्त्र खाण बघत नाही, ते पाच कसोट्या लावतं :

१) पदार्थ निसर्गात आपोआप तयार झालेला असावा.
२) तो अजैविक असावा.
३) तो घनरूप असावा.
४) त्याचं रासायनिक संघटन ठराविक असावं.
५) त्याच्या आतल्या कणांची मांडणी नियमित, म्हणजे स्फटिकासारखी असावी.

आता बर्फ तपासू. तो निसर्गात आपोआप गोठतो, अजैविक आहे, घन आहे. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू हे त्याचं संघटन ठरलेलं. त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून तर हिमकणाला सहा बाजू किंवा सहा फाटे असतात. पाचही कसोट्या पास! खनिजांच्या वर्गीकरणात बर्फ ऑक्साइड गटात येतो. माणिक आणि हेमॅटाइट हे लोहखनिज त्याच गटातले.

"पण तो वितळतो ना?" हा पुढचा प्रश्न येणारच. सोनंही १०६४ अंशांना वितळतं. बर्फ शून्याला वितळतो, एवढाच फरक. मात्र वितळून पाणी झालं की तिसरी कसोटी मोडते, म्हणून पाणी खनिज नाही. (पारा द्रवरूप असूनही खनिज मानतात, तो अपवाद.) फ्रीजमधला बर्फ पहिल्या कसोटीत नापास, कारण तो आपण बनवतो. अवकाळी पावसात पडणारी गार मात्र पास!

मग हिम? एक हिमकण म्हणजे खनिजाचा स्फटिक. असंख्य कणांचा थरावर थर साचला की तो गाळासारखा होतो. वरच्या वजनाने तो दबून, स्फटिक नव्याने जुळून हिमनदीचा बर्फ बनतो. म्हणून गंगोत्रीसारख्या हिमनदीची तुलना रूपांतरित खडकाशी करतात.

आता कोळसा. तो वनस्पतींच्या अवशेषांपासून बनतो, संघटनही ठराविक नाही. म्हणजे भूशास्त्राच्या व्याख्येत तो बसत नाही! तरी भूगोलाच्या पुस्तकात तो 'खनिज संपत्ती'त असतो, कारण तिथे खनिज म्हणजे जमिनीतून काढलेला उपयोगी पदार्थ. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मुलांना मोकळेपणाने सांगावेत. नाहीतर एका तासाला बरोबर असलेलं उत्तर दुसऱ्या तासाला चूक कसं, हे त्यांना कळत नाही आणि ती व्याख्या नुसती पाठ करतात.

वर्गात किंवा घरी सैंधव, साखर, काच आणि बर्फ यांना या पाच कसोट्या लावून बघा. सैंधव पास होईल. साखर स्फटिक असली तरी उसातून येते. काचेच्या आत नियमित मांडणीच नसते.

गंमत म्हणजे, मराठीत आकाशातून पडते तीही गार आणि पांढरा चकमकीचा दगड तीही गार. 'क्रिस्टल' या शब्दाचं मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही बर्फच. तेव्हा एखाद्याने खनिजाचं उदाहरण म्हणून 'गार' लिहिलं, तर फुली मारण्याआधी "का?" एवढं नक्की विचारा.