एरंडाचे विष औषध होते तेव्हा

भिसेगावात काय किंवा कर्जत-खालापूरच्या कुठल्याही वाडीत काय, उकिरड्याकडेला एरंड उगवलेला दिसतोच. त्याचे तेल आपण पोट साफ व्हायला घेतो. बी मात्र जहाल. तिच्यातील रायसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. पेशीत शिरले की ते तिथले प्रथिने बनविण्याचे कामच बंद पाडते. हे विष नेमक्या नकोशा पेशींनाच पोचविता आले तर?

आपल्या रक्तातील टी-पेशी एरवी रोगजंतूंशी लढतात. पण कधी त्यांनाच कर्करोग होतो. कधी दुसऱ्याची अस्थिमज्जा रोपल्यावर दात्याच्या टी-पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांवरच उलटतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जारोपणे सुरू झाली. आता ती आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही होतात.

अशा पेशी वेचून मारण्यासाठी शास्त्रज्ञांनी प्रतिपिंडाला विष जोडले. पाकिटावर पत्ता आणि आत विष, असा हा प्रकार. त्याला इम्युनोटॉक्सिन म्हणतात. १९८० च्या दशकात परदेशात रोपणाच्या रुग्णांवर रायसिन जोडून प्रयोग झाले, पण ते औषध रुळले नाही. आज त्या कामी बहुधा सशाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे देतात. त्यांत विष नसते.

यश आले ते घटसर्पाच्या विषाला. हे विष इंटरल्युकिन-२ या प्रथिनाला जोडून केलेले डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स अमेरिकेत १९९९ साली त्वचेतील टी-पेशींच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. २०१४ साली ते बाजारातून गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या रूपात परत मंजूर झाले. गंमत अशी, की लहानपणी घटसर्पाची लस घेतलेल्यांचे शरीर या औषधालाही शत्रू समजते, त्यामुळे त्याचा काही भाग वाया जातो. धोकाही आहे: रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून अंगावर सूज येते, रक्तदाब उतरतो. म्हणून हे औषध तज्ज्ञांच्या नजरेखालीच देतात.

हा कर्करोग विरळा, पण फसवा. कंबर, नितंब अशा झाकलेल्या भागांवर लालसर, खवलेदार चट्टे उठतात आणि माणूस वर्षानुवर्षे नायटा किंवा इसब समजून मलमे चोळत राहतो. काही महिने उपचार करूनही चट्टा जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून त्याचा तुकडा तपासून घ्यावा.

हे वाचून कोणी एरंडाच्या बिया वाटून कर्करोगावर घेऊ नयेत. त्या विषाला पत्ता नसतो. मुलाने बी चावली असेल तर ते खेळते-हसते दिसले तरी लगेच रुग्णालयात न्यावे. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात.