न दिसणाऱ्या धुराचा हिशोब

(द्वितीय वर्ष कला)

मागील वर्षी महाविद्यालयाच्या निबंध स्पर्धेत मी ‘सौर ऊर्जा : एक वरदान’ या विषयावर लिहिले होते. ‘सूर्यापासून मिळणारी वीज ही संपूर्णतः प्रदूषणमुक्त होय’ असे एक ठसकेबाज वाक्य त्यात होते. निबंधाला दुसरा क्रमांक मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर मी तो घरी वाचून दाखवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सर्वांनी कौतुकाने ऐकला. फक्त तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मध्येच विचारले, “पोरी, ही काच काय झाडाला लागती का? भट्टीत घातल्याबिगर काच होत नसती. मग त्या भट्टीचा धूर कुठं गेला तुझ्या निबंधात?”

मला उत्तर देता आले नाही. त्याच महिन्यात आमच्या अण्णांनी आपला १० टक्के वाटा भरून शासकीय योजनेतून शेतात तीन अश्वशक्तीचा सौर पंप बसवला होता. तात्यांचा प्रश्न त्यामुळे केवळ निबंधापुरता नव्हता. तो आमच्या विहिरीवर उभा होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, तज्ज्ञ नाही. पण हे उत्तर शोधण्याचे साधन आज कोणालाही विनामूल्य मिळू शकते, हे मला कळले, आणि ते आपणा सर्वांना सांगावेसे वाटले.

कोणतीही वस्तू जन्माला येते, वापरली जाते आणि शेवटी मोडीत जाते. खाणीतून कच्चा माल काढणे, कारखान्यात घडवणे, वाहतूक करणे, वापरणे आणि भंगारात काढणे, या सर्व टप्प्यांवर मिळून किती प्रदूषण होते याच्या हिशोबास ‘जीवनचक्र मूल्यमापन’ असे म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने कोका-कोला कंपनीसाठी शीतपेयाच्या निरनिराळ्या बाटल्या-डब्यांची अशी तुलना केली, तेथून या शास्त्राची सुरुवात मानली जाते. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ‘आयएसओ १४०४०’ या मानकात त्याचे नियम घालून दिले.

या नियमांतील पहिला नियम साधा पण महत्त्वाचा आहे. तुलना करण्यापूर्वी माप ठरवावे. ‘कोळसा वाईट की सूर्य चांगला’ हा प्रश्नच हिशोबात बसत नाही. ‘एक युनिट वीज मिळवण्यासाठी एकूण किती ग्रॅम वायू हवेत गेला’ हा प्रश्न बसतो. वायूही एकच नसतो. कोळशाच्या खाणीतून मिथेन निसटतो. शंभर वर्षांच्या काळात एक किलो मिथेन हा सुमारे २८ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो असे मानतात. म्हणून सर्व वायूंचे रूपांतर ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ या एकाच मापात करतात. बाजारात शेर, मण, क्विंटल सर्वांचे शेवटी किलो करावेत तसे.

आता खरी अडचण येते. पोलाद करण्यासाठी वीज लागते, आणि वीजकेंद्र उभारण्यासाठी पोलाद लागते. मग आधी कोणाचा हिशोब करावा? समजा, १०० युनिट वीज तयार करताना १ किलो पोलाद झिजते, आणि १ किलो पोलाद घडवण्यास १० युनिट वीज लागते. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) आपल्याला १०० युनिट हवी आहेत. त्यासाठी १ किलो पोलाद, म्हणजे आणखी १० युनिट. त्या १० युनिटांसाठी आणखी थोडे पोलाद, म्हणजे आणखी १ युनिट. बेरीज ११०, मग १११, मग १११.१ अशी चढत जाते आणि तेथे स्थिरावते. दहावीत आपण दोन चलांची समीकरणे सोडवली. हे तेच गणित आहे. फक्त प्रत्यक्षात चले दोन नसून हजारो असतात. ते हाताने सोडवणे अशक्य, आणि येथेच संगणकाची गरज भासते.

या कामासाठी असलेल्या संगणकीय आज्ञावल्यांपैकी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो त्यांपैकी, काही फार महाग आहेत. परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील ओको-इन्स्टिट्यूट या संस्थेने ‘जेमिस’ नावाची आज्ञावली खास ऊर्जेच्या अशा हिशोबासाठी तयार केली आणि ती विनामूल्य दिली. आज सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक म्हणजे ‘ओपनएलसीए’. बर्लिन येथील ग्रीनडेल्टा या कंपनीने २००६ पासून ती विकसित केली आहे. ती विनामूल्य तर आहेच, शिवाय तिची मूळ संहिताही खुली आहे. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. फुकट मिळालेल्या तराजूत काटा कसा बसवला आहे हे पाहता येईलच असे नाही. येथे मात्र तराजू उघडून पाहता येतो. माझ्यासारखीला ती संहिता वाचता येत नाही, परंतु ज्याला येते त्याला कोणी अडवत नाही, म्हणूनच मला विश्वास वाटतो.

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मी ती वापरून पाहिली. कामाचा क्रम असा. प्रथम एक माहितीसंच आत घ्यावा लागतो. त्यात वीज, पोलाद, काच, ट्रकची वाहतूक अशा अनेक ‘प्रक्रिया’ आधीच नोंदलेल्या असतात. मग आपण आपली प्रक्रिया लिहायची. एका बाजूस आत काय येते (काच इतके किलो, ॲल्युमिनियम इतके किलो, वीज इतकी युनिट), दुसऱ्या बाजूस बाहेर काय पडते. घरखर्चाच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात, तसेच हे. नंतर या प्रक्रिया एकमेकींस जोडून साखळी तयार करायची, मूल्यमापनाची पद्धत निवडायची आणि गणनेची कळ दाबायची. उत्तर केवळ एका आकड्यात येत नाही. कोणत्या टप्प्याचा वाटा किती, हे झाडाच्या फांद्यांसारखे उलगडून दिसते. तात्यांच्या भट्टीचा धूर मला तेथे प्रथमच दिसला.

पहिल्या प्रयत्नात माझ्याकडून दोन चुका झाल्या. त्या सांगणे उपयोगी ठरेल. विजेचे माप किलोवॅट-तासात देण्याऐवजी मी मेगाज्यूलमध्ये दिले. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, त्यामुळे विजेचा सारा भाग ३.६ पटींनी कमी आला. दुसरी चूक अधिक फसवी होती. साखळीत मी जी वीज जोडली ती युरोपातील होती. सौर तावदाने युरोपच्या विजेवर बनली असे संगणकाने धरले आणि त्यांना मोठ्या सज्जनपणाचे प्रमाणपत्र दिले! वास्तविक आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सौर तावदानांच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, आणि तेथील वीज मुख्यत्वे कोळशाची. वाळूच्या गारेपासून सिलिकॉन काढण्यास प्रचंड उष्णता लागते. म्हणजे तात्या चुकीचे बोलत नव्हते.

आज्ञावली फुकट असली तरी चांगली माहिती पुष्कळदा फुकट नसते, हेही सांगितले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील ‘इकोइन्व्हेंट’ हा या क्षेत्रातील मोठा माहितीसंच विकत घ्यावा लागतो. विनामूल्य संचांत युरोप-अमेरिकेची माहितीच अधिक. म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबून न राहता मी ते जाणकारांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने २०१४ च्या अहवालात अनेक अभ्यास एकत्र करून जीवनचक्राचे मधले आकडे दिले आहेत. एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, छपरावरील सौर तावदाने ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२ आणि जमिनीवरील पवनचक्की ११. यांतील कोणताही आकडा शून्य नाही. माझ्या निबंधातील ते वाक्य येथेच खोटे ठरले.

परंतु म्हणून तात्यांचे सर्वच म्हणणे खरे ठरते का? त्यासाठी मी आमच्या पंपाचा कच्चा हिशोब मांडला. तीन किलोवॅटची तावदाने उन्हाच्या दिवसात अंदाजे १२ युनिट वीज देतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० युनिट, आणि २५ वर्षांत ९०,००० युनिट. युनिटमागे ४१ ग्रॅम याप्रमाणे एकूण सुमारे ३,७०० किलो. हा धूर बहुतांशी एकदाच, तावदाने बनतानाच निघून गेला. आता दुसरी बाजू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबानुसार २०२२-२३ साली देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. आणि हा केवळ वीजकेंद्रांच्या धुराड्यातला, खाण व रेल्वे यांचा सोडून. या दराने ३,७०० किलोंची फेड होण्यास सुमारे ५,२०० युनिट लागतात, म्हणजे उन्हाचे साधारण ४३० दिवस. डिझेल पंपाशी तुलना केली तर आणखी लवकर. कारण एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि लहान इंजिनातून त्याच्या बदल्यात जेमतेम तीन युनिटांचे काम मिळते.

तथापि या हिशोबात एक खाच आहे, आणि ती मला संगणकाने नव्हे, अण्णांनी दाखवली. मी तीनशे दिवस म्हटल्यावर ते हसले. “विहिरीला फाल्गुनानंतर पाणी कुठं असतंय? शंभर दिवस चालला तरी लई झालं.” खरेच की! पंप शंभरच दिवस चालला तर धूर तोच, पण वीज एक-तृतीयांश. मग युनिटमागे ४१ नव्हे, १२३ ग्रॅम पडतात आणि फेडीस सव्वाचार वर्षे लागतात. तरीही ते कोळशापेक्षा पुष्कळच कमी. परंतु उभे तावदान चांगले नसते, चालते तावदान चांगले असते, एवढा धडा मिळाला. उरलेल्या दिवसांत त्याच विजेवर पिठाची गिरणी वा कडबाकुट्टी चालवता आली, तर हवेतल्या त्या ३,७०० किलोंचे सार्थक होईल.

शेवटी या साधनाच्या मर्यादा. जलविद्युतचा मधला आकडा २४ असला तरी निरनिराळ्या अभ्यासांत तो १ पासून २,२०० पर्यंत सापडतो. कारण धरणाखाली बुडालेला झाडोरा कुजून मिथेन सुटतो, आणि प्रत्येक जलाशय निराळा. शिवाय कोयनेच्या विजेचा हिशोब ग्रॅममध्ये करता येईल, पण कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचा हिशोब कोणत्या रकान्यात लिहावा? आमच्या जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. केवळ कार्बन मोजणाऱ्याला ते दिसणार नाही. पाण्याचा वेगळा रकाना उघडावा लागेल. तो उघडण्याची सोय या आज्ञावलीत आहे, मात्र तो उघडावा हे सुचावे लागते आपल्यालाच.

आणखी एक कबुली. अण्णांनी पंप कार्बनसाठी घेतला नाही. रात्रीच्या पाळीला विंचवा-सापाच्या अंधारात दारे धरावी लागू नयेत म्हणून घेतला. हे कारण कोणत्याही माहितीसंचात नाही, आणि ते ४१ ग्रॅमपेक्षा कमी महत्त्वाचे आहे असे मला वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हा सर्व हिशोब वहीत उतरवून तात्यांपुढे ठेवला. त्यांनी आकडे बोटाने चाचपडत ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे धूर हाय, पण फिटतोय. आसं लिहायचं हुतं की मग!” निबंधातील ते वाक्य आता मी असे दुरुस्त करते : सूर्याची वीज प्रदूषणमुक्त नाही, ती कर्जाऊ घेतलेली आहे, मात्र हे कर्ज फिटणारे आहे. कोळशाचे कर्ज दर युनिटागणिक वाढतच जाते. ज्या मित्रमैत्रिणींना हा हिशोब आपल्या घरच्या पंपासाठी, गिरणीसाठी करून पाहायचा असेल, त्यांनी संगणक कक्षात अवश्य यावे. सोबत घरचे खरे आकडे तेवढे घेऊन यावेत. ते कोणत्याही माहितीसंचात मिळणार नाहीत.