राखुंडीनं न जाणारा डाग

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सकाळी साडेदहाला ऊन तिरपं येतं. दात तपासायला आलेल्या डॉक्टर मॅडमनी खुर्ची नेमकी तिथं मांडायला लावली. हातात बॅटरी होती, पण डाग उन्हातच खरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मी शेजारी नोंदवही घेऊन बसले. यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं हे गाव.

पाचवीतली मुलगी आली ती ओठ मिटूनच. वरचे पटाशीचे दात दिसले तेव्हा त्यांच्यावर मधोमध आडवा तपकिरी पट्टा होता.

"घासतेस का रोज?"

"घासतो न मॅडम. राखुंडीनं बी घासतो." उत्तर देताना ती माझ्याकडं बघत होती. हा प्रश्न आजवर तिला मीच विचारत आले होते, आणि तोही वर्गासमोर.

मॅडमनी अवजाराचं टोक डागावरून हलकेच फिरवलं. चहाचा किंवा खर्र्याचा डाग थोडा तरी खरवडून आला असता. हा जराही हलला नाही. डाव्या दातावर ज्या उंचीवर पट्टा, उजव्यावरही त्याच उंचीवर. त्या म्हणाल्या, ही जोडीच ओळखायची. दात हिरडीच्या आत घडत होता, मूल दोन-अडीच वर्षांचं होतं, तेव्हा पोटात गेलेल्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दाताचं वरचं कवच कच्चं राहिलं. उगवतो तेव्हा असा दात खडूसारखा पांढरट असतो. तपकिरी रंग मागून चढतो. ब्रश त्याला काही करू शकत नाही.

या भागातल्या खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरतं. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आपलं मानक सांगतं. खुर्चीमागं उभ्या असलेल्या एका आईनं विचारलं, पाणी उकळून दिलं तर? उकळून पाणी आटतं, फ्लोराइड मात्र तेवढंच राहतं. ती आई गप्प झाली. रोज सरपण जाळून ती तेच करत होती.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथं 1901 मध्ये आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला असेच दात दिसले होते, आणि हे दात किडतात कमी, हेही पुढं त्याच्या ध्यानात आलं. पाण्यातल्या फ्लोराइडपर्यंत माग लागायला मात्र 1931 उजाडलं. फ्लोराइडनं होणारा हा विकार, म्हणजे फ्लोरोसिस, फार जोराचा असला की कवचाला खड्डे पडतात, ती गोष्ट वेगळी.

पुढचा मुलगा सहावीतला, मोत्यासारख्या दातांचा. त्याला मी इतरांपुढं उभं करत असे. दांडीचा आरसा मागं गेला आणि मॅडम थांबल्या. दाढ कापसानं कोरडी केली, क्षणभर वाट पाहिली. मधे काळं भोक, भोवती खडूसारखी पांढरी कड. ही सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, ती सगळ्यांच्या मागं गुपचूप उगवते. म्हणून घरी ती दुधाचीच समजतात, पडेलच म्हणून सोडून देतात. पाच रुपयांच्या बिस्किटाचा लगदा तिच्या खाचांत बसतो, तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो, आणि तेवढ्यात दुसरा पुडा फुटतो.

"कोणत्या बाजूनं चावतो रे?"

"उजव्या." डावीकडं दुखतं, हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

मशीन नव्हतं, लागलंही नाही. चमच्यासारख्या बारीक अवजारानं मॅडमनी मऊ झालेला भाग खरवडला. भिजलेल्या चामड्यासारखा तो थराथरानं सुटत होता. मुलाच्या मुठी आवळलेल्या होत्या. मग कागदावर दातात भरायचं सिमेंट कालवलं, ते घट्ट व्हायच्या आत भोकात भरलं आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटानं दाबून धरलं. त्या एक-दोन मिनिटांत व्हरांड्यात कुणी बोललं नाही.

नोंदवहीत मागच्या वर्षीच्या पानावर त्या मुलीच्या नावापुढं माझ्याच अक्षरात 'दात अस्वच्छ' होतं. ते खोडलं, मॅडमनी सांगितलं तसं 'फ्लोरोसिस' लिहिलं. तिला जवळ बोलावून म्हटलं, "चूक तुझी नव्हती गं, पाण्याची होती. माझं चुकलं."

ती पानाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग राखुंडी बंद करू न मॅडम? हिरड्यांले लई झोंबते."