प्रगत फुप्फुस कर्करोगात किरणोपचार व प्रतिकारोपचार यांचा संयोग : एक विवेचन

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील धावडा परिसराच्या रुग्णास किरणोपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठता येते. परंतु इम्युनोथेरपी म्हणून परिचित असलेल्या प्रतिकारोपचाराचा खर्च अनेक शेतकरी कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतो. हे औषध निष्प्रभ ठरल्यावर त्यास किरणांची जोड द्यावी काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संयोगामागील तत्त्व :
कर्कपेशी पीडी-एल१ या प्रथिनाद्वारे शरीरातील टी-पेशींना निष्क्रिय करतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे हा अडसर दूर करतात. किरणांमुळे कर्कपेशी नष्ट होताना त्यांतील प्रथिने मुक्त होतात व टी-पेशींना शत्रूची ओळख पटते. त्यामुळे किरण न दिलेल्या दूरच्या गाठीही क्वचित आक्रसतात. १९५३ मध्ये आर. एच. मोल यांनी या परिणामास 'ॲबस्कोपल' ही संज्ञा दिली.

उपलब्ध पुरावे :
२०२१ मध्ये दोन चाचण्यांतील १४८ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. केवळ पेम्ब्रोलिझुमॅब दिलेल्यांपैकी १९.७ टक्के, तर किरणांची जोड मिळालेल्यांपैकी ४१.७ टक्के रुग्णांत किरणक्षेत्राबाहेरील गाठींनी प्रतिसाद दिला. मात्र या चाचण्यांत आधीचा प्रतिकारोपचार निष्प्रभ ठरलेला असण्याची अट नव्हती. तशाच ७८ रुग्णांवरील अमेरिकेतील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ड्युर्व्हालुमॅब व ट्रेमेलिमुमॅब ही औषधे किरणांविना दिली असता ११.५ टक्के, तर किरणांच्या दोन भिन्न पद्धतींसह दिली असता अनुक्रमे ७.७ व ११.५ टक्के रुग्णांत प्रतिसाद आढळला. म्हणजेच किरणांची जोड देऊन लाभ वाढला नाही.

खर्चाचा प्रश्न :
मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब तोंडावाटे द्यावयाच्या औषधांसह दिले. एका वर्षानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष फुप्फुसाच्या कर्करोगास जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि अल्पमात्रेच्या संशोधनाची दिशा त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
वेदना, रक्तस्राव वा मेंदूतील गाठी यांवर किरणोपचाराचे मोल निर्विवाद आहे. मात्र प्रतिकारोपचार निष्प्रभ ठरल्यानंतरचा संयोग हा अद्याप संशोधनाचा विषय असून तो वैद्यकीय चाचणीतच स्वीकारणे इष्ट होय. त्यासाठी शेत विकण्यापूर्वी कुटुंबास हे सत्य समजले पाहिजे. ते समजावून सांगण्यात ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकही वाटा उचलू शकतात.