एक नाव, चार खाती

बँकेत अधिकारी असताना मी एक गोष्ट लवकर शिकलो : नाव एकच असले, तरी खाते एक नसते. 'सचिन' या नावाचेच पाहा ना!

पहिले खाते पुराणातल्या अद्भुत कथांचे. शची ही इंद्राची राणी. तिचा पती तो शचीन. दुसरे संगीताचे. बंगालीत हे नाव 'शचीन' असेच लिहितात. कोमिल्ल्यात १९०६ साली जन्मलेले शचीन देव बर्मन आपल्या तोंडी 'सचिन' झाले. तिसरे चित्रपटाचे. 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) मधला छोटा सचिन पिळगावकर पुढे 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चा दिग्दर्शक झाला.

चौथे खाते वाचकांना तोंडपाठ आहे. रमेश तेंडुलकर कवी, मराठीचे प्राध्यापक आणि बर्मनदांच्या गाण्यांचे चाहते. १९७३ साली जन्मलेल्या मुलाला त्यांनी तेच नाव ठेवले. मुलाने मात्र हाती बॅट धरली, आणि वडिलांनी ती धरू दिली. मे १९९९ मध्ये विश्वचषक चालू असताना वडील गेले. अंत्यसंस्कारांसाठी मुंबईला आलेला मुलगा इंग्लंडला परतला, ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या आणि ते शतक वडिलांना वाहिले.

घरात बारसे असेल, तर नाव हौसेने ठेवा. आवडत्या माणसाचे ठेवा. पण खाते नवे आहे, हे विसरू नका. जुन्या खातेदाराची शिल्लक बाळाकडे मागू नका.