डावे-उजवे

गेल्या वसुबारसेची गोष्ट. आमची पाच वर्षांची चिमी अंगणात रांगोळीची चिमूट घेऊन बसली होती. ठिपके मी काढून दिले होते. रेघा ती ओढत होती, डाव्या हाताने. तेवढ्यात सासूबाई तुळशीपाशी आल्या. “अगं, उजव्या हाताने घाल! सणासुदीला डावा हात कशाला?” चिमीने निमूटपणे हात बदलला. रेघ वाकडी गेली. तिने ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. आणि “मला रांगोळी येतच नाही,” असे म्हणून उठून गेली.

ते वाक्य माझ्या मनाला लागले.

मी कॉलेजात मराठी शिकवते. कोणत्याही प्रश्नाचा शोध शब्दांपासून सुरू करायचा, ही आमची खोड! पाहू लागले तो काय, सारी भाषाच उजव्यांच्या बाजूने. सरस तो ‘उजवा’. विश्वासाचा माणूस म्हणजे ‘उजवा हात’. कुणाला बाजूला सारायचे तर ‘डावलायचे’. देवाला प्रदक्षिणा घालायची, तीही त्याला उजवीकडे ठेवून. डाव्याच्या वाट्याला गौरव आला तो एका अर्जुनाच्या रूपाने. डाव्या हातानेही बाण सोडी, म्हणून तो सव्यसाची! आणि हो, दुपारची वामकुक्षी. तिच्यावर मात्र कुणाचाच आक्षेप नाही.

सुट्टीनंतर मी वर्गातच प्रयोग मांडला. ओल्डफील्ड या संशोधकाची १९७१ सालची ‘एडिंबरो प्रश्नावली’ प्रसिद्ध आहे. लिहिणे, चेंडू फेकणे, कात्री चालवणे, दात घासणे, काडी ओढणे अशी दहा साधी कामे तुम्ही कोणत्या हाताने करता, एवढेच ती विचारते. पुढे मी पायांची आणि डोळ्यांचीही चौकशी केली. वाचकहो, आपणही करून पाहा. दोन्ही तळहात समोर धरून मध्ये लहानशी फट ठेवा, तिच्यातून दूरचा दिवा पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहील, तो तुमचा पुढारी डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येक मुली डाव्या डोळ्याच्या निघाल्या आणि वर्गात एकच हशा पिकला. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी करतो उजव्या; सौरव गांगुलीची फलंदाजी डावी, गोलंदाजी उजवी. निखळ उजवा माणूस शोधायचा तरी कुठे?

जगात दहांतला सुमारे एक माणूस डावखुरा असतो. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगावर हुकमत चालवतो आणि उजवा भाग डाव्या अंगावर. ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६५ साली वाणीचे ठाणे मेंदूच्या डाव्या भागात असल्याचे मांडले. मग डावखुऱ्यांचे सारेच उलट असेल, असे वाटते ना? तसे नाही. शंभर डावखुऱ्यांपैकी सुमारे सत्तरांची वाणीही डावीकडेच नांदते.

आणि ही खोड लागते तरी केव्हा? हेपर या संशोधकाने गर्भात अंगठा चोखणारी बाळे पाहिली आणि पुढे ती मोठी झाल्यावर तपासली. २००५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजवा अंगठा चोखणारी साठही मुले उजव्या हाताची झाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी. म्हणजे आपण ज्याला वाईट सवय म्हणतो, तिचा कल पुष्कळदा जन्माआधीच ठरू लागलेला असतो!

हे सारे मी एका संध्याकाळी घरी सांगत होते. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. सहज माझे लक्ष गेले: कापूस उजव्या हातात, आणि वळत होता डावा हात.

“आई, तुम्ही...?”

त्यांनी हाताकडे पाहिले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पानावर बसले की आमची आई हा हात फडक्याने बांधून ठेवायची. जेवण्या-लिहिण्यातला गेला. वातींकडे कुणी पाहिलं नाही, म्हणून तिथे राहिला बघ.”

यंदा चिमीसाठी रांगोळीचा डबा सासूबाईंनीच आणून ठेवला आहे. कोणत्या हाताने घालायची, ते मात्र त्यांनी अजून सांगितलेले नाही.